अनोळखी हातांसाठी रॉकेट

स्वतःसाठी रॉकेट बनवणं आणि रॉकेटचं किट बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्वतःच्या रॉकेटमध्ये गोंद किती गेला, कुठला जोड जरा तिरका बसला, मोटर, म्हणजे रॉकेटचं इंजिन, कुठली घालायची, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. किट आखणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. नळ्या, फिन म्हणजे शेपटाकडचे पंख, मोटरीची नळी मधोमध धरणाऱ्या प्लायवुडच्या रिंगा आणि सूचनापत्रक तो एका खोक्यात भरतो. ते खोकं कोण उघडणार, त्याचा हात या कामाला किती सरावलेला असणार, हे त्याला कळायची सोय नसते. तरीही ते रॉकेट सरळच उडायला हवं. हाय-पॉवर रॉकेटच्या बाबतीत ही अट फार कडक होते, कारण इथे दोन-तीन किलोची वस्तू ध्वनीच्या निम्म्या वेगाने आकाशात जाते आणि माणसं उभी असलेल्या मैदानावरच परत येते.

हाय-पॉवर म्हणजे किती? छंद म्हणून उडवायच्या मोटरींना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. मोटर एकूण किती आवेग देते, म्हणजे रेटा गुणिले वेळ, यावरून अक्षर ठरतं. ‘ए’ वर्गाची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ती दुप्पट होते. ‘जी’ १६० वर संपतो, आणि ‘एच’पासून हाय-पॉवर सुरू होतं. दुपटीचा हा हिशोब वाचताना साधा वाटतो, पण ‘एम’पर्यंत पोचेस्तोवर आकडा १०,२४० झालेला असतो. मोटरीवर ‘एच १२८’ असं लिहिलेलं असेल, तर वर्ग एच आणि सरासरी रेटा १२८ न्यूटन.

कारखान्यात तयार झालेली, एकदा वापरून टाकून द्यायची मोटर हा या छंदाचा पाया आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल या बुटांच्या दुकानदाराने आपल्या भावासाठी अशी छोटी मोटर आणि तिच्यावर उडणारं रॉकेट बनवलं. हौशी माणसाला मोटरीतली दारू स्वतः कालवायची गरज तेव्हापासून उरली नाही. हाय-पॉवर मोटरी विकत घ्यायला अमेरिकेत प्रमाणपत्र लागतं. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली या दोन संस्था ते तीन पातळ्यांवर देतात. पहिल्या पातळीसाठी उमेदवाराने स्वतः जोडलेलं रॉकेट एच किंवा आय मोटरीवर उडवायचं आणि पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत परत आणायचं. किट चालतं. म्हणजे अशा किटचा गिऱ्हाईक बहुतेक वेळा आयुष्यातलं पहिलंच मोठं रॉकेट जोडत असतो. मला वाटतं, आखणीतला प्रत्येक निर्णय इथूनच निघायला हवा.

पहिला मोह असतो चांगलं चाललेलं छोटं मॉडेल तेवढं मोठं करण्याचा. समजा १०० ग्रॅमचं मॉडेल पॅराशूटवर सेकंदाला ४ मीटर वेगाने उतरतं. त्याची प्रत्येक लांबी-रुंदी तिप्पट केली, पॅराशूटसकट. वजन आकारमानाबरोबर वाढतं, म्हणून २७ पट, २.७ किलो. पॅराशूटचं क्षेत्रफळ मात्र ९ पटच. प्रत्येक चौरस सेंटिमीटर कापडावर तिप्पट भार आला, तेव्हा उतरण्याचा वेग १.७ पट होऊन सुमारे ७ मीटरवर जातो. जमिनीवर आदळतानाची ऊर्जा ८१ पट! छोट्या रॉकेटचं फिन गवतात पडून शाबूत राहत असेल, पण याचं राहणार नाही. म्हणून मोठ्या किटमध्ये भाग मोठे करून भागत नाही, बांधणीच बदलावी लागते. फिन नळीला बाहेरून चिकटवण्याऐवजी त्याला एक जीभ ठेवतात. ती नळीतल्या खाचेतून आत जाऊन थेट मोटरीच्या नळीला टेकते आणि तिथे इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने पक्की होते. खाच कारखान्यातच कापून दिली की फिन सरळ बसवायची निम्मी जबाबदारी जोडणाऱ्याच्या हातून काढून घेतल्यासारखं होतं. मला तरी या व्यवसायातली ही सगळ्यात शहाणी युक्ती वाटते.

आता स्थैर्य. हवेत रॉकेट आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरतं. हवेचा आडवा दाब जिथे एकवटल्यासारखा वागतो, ते दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर डळमळलेलं रॉकेट पुन्हा सरळ होतं. दाबकेंद्र पुढे आलं तर ते उलटंपालटं होतं. या दोन बिंदूंतलं अंतर नळीच्या व्यासात मोजायची पद्धत आहे, आणि निदान एक व्यास हवा असं मानतात. १९६० च्या दशकात नासात काम करणाऱ्या जेम्स बॅरोमन यांनी दाबकेंद्र कागदावर काढायची पद्धत हौशी लोकांच्या हाती दिली. त्याआधी पुठ्ठ्यातून रॉकेटची बाह्यरेषा कापून तिचा तोल बघायचे. २००९ मध्ये सांपो निस्कानेन यांच्या हेलसिंकीतल्या पदव्युत्तर प्रबंधातून ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर निघालं, आणि आज असे हिशोब कुणालाही घरी करता येतात.

पण सॉफ्टवेअरमधलं रॉकेट आदर्श असतं. १० सेंटिमीटर व्यासाचं एक किट घेऊ. मोटरीसकट वजन २.५ किलो, नाकाच्या टोकापासून गुरुत्वमध्य ९८ सेंटिमीटरवर, दाबकेंद्र ११८ वर. दोन व्यासांचं अंतर आहे, छान! आता जोडणाऱ्याने फिनपाशी, १४० सेंटिमीटरवर, भरभरून इपॉक्सी ओतली, १५० ग्रॅम जास्त. पुढे त्याला आणखी उंच जायची हौस आली आणि त्याने ८०० ग्रॅमने जड मोटर घातली, जिचं वजन १३५ सेंटिमीटरपाशी येतं. दोन्ही वजनं मागे पडली. गुरुत्वमध्य सरकून १०८ च्या थोडा मागे जातो आणि अंतर एका व्यासाच्याही खाली येतं. यातली कुठलीही गोष्ट मूर्खपणाची नव्हती. नवखा माणूस गोंद जास्त लावणारच, आणि उंचीची ओढ नसती तर त्याने हे किट घेतलंच नसतं. म्हणून आखणाऱ्याने हिशोब करताना सगळ्यात जड मोटर आणि सगळ्यात सढळ हात धरायला हवा.

मोटरीची नळी ३८ मिलिमीटरची ठेवायची की ५४ ची, हा निर्णयही त्यामुळे पॅराशूटच्या कापडाचा रंग ठरवण्याइतका साधा राहत नाही. ५४ ची नळी दिली, की आत जोडनळी घालून ३८ ची मोटरही बसते, म्हणून ती उदार वाटते. पण ती एका मोठ्या मोटरीला दिलेलं आमंत्रणही असते. ते आमंत्रण द्यायचं असेल तर फिन, रिंगा आणि दोऱ्या तितक्या ताकदीच्या हव्यात. पहिल्या पातळीच्या किटला मी ३८ च देईन.

स्थैर्याचा हिशोब जुळला तरी एक नाजूक क्षण उरतो, रॉकेटला सुरुवातीला सरळ धरणाऱ्या उभ्या रुळावरून ते सुटण्याचा. फिन काम करतात ते हवेच्या प्रवाहामुळे, आणि वेग नसेल तर प्रवाह नाही. रेटा वजनाच्या निदान पाचपट हवा असा सर्वमान्य नियम आहे. आपल्या २.५ किलोच्या रॉकेटचं वजन सुमारे २५ न्यूटन, पाचपट म्हणजे १२५. आपली ‘एच १२८’ मोटर अगदी काठावर बसली. २.४ मीटरच्या रुळावर त्वरण एकसारखं धरलं तर सुटताना वेग सेकंदाला जेमतेम १४ मीटर येतो. त्याच वेळी ५ मीटर वेगाचा आडवा वारा असला, तर रॉकेटला हवा समोरून न येता जवळजवळ २० अंशांच्या तिरक्या कोनातून येते. बॅरोमन पद्धत लहान कोनांसाठी आहे. एवढ्या तिरकसपणात नळीवरही दाब येतो, दाबकेंद्र पुढे सरकतं, आणि कागदावरचे दोन व्यास प्रत्यक्षात तेवढे राहत नाहीत. उलट फिन अवाजवी मोठे केले तर रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवून तिरकं पळतं. म्हणून पाचपटीला मी खालची मर्यादा मानतो, लक्ष्य नव्हे.

वेग वाढला की फिन पताकेसारखं फडफडू शकतं आणि क्षणात तुटतं. इथे जाडीचा फायदा घसघशीत आहे. बाकी सगळं तेच ठेवून जाडी दुप्पट केली, तर फडफड सुरू होण्याचा वेग सुमारे २.८ पट होतो. प्लायवुडचा एक थर वाढवायचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

उतरण्याची व्यवस्था हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. थोडक्यात, मोठी रॉकेटं शिखरावर एक छोटं पॅराशूट सोडतात आणि जमिनीपासून दोनेकशे मीटरवर मोठं, म्हणजे वाऱ्याने फार लांब जात नाहीत. हा निर्णय हवेचा दाब मोजणारं यंत्र घेतं. जमिनीजवळ दर मीटरला दाब सुमारे १२ पास्कलने घटतो, त्यावरून त्याला उंची कळते. त्यासाठी नळीला छिद्रं लागतात, आणि ती नाकाच्या जोडापासून दूर, गुळगुळीत भागावर हवीत. छिद्र कुठे पाडायचं हे जोडणाऱ्यावर सोपवू नये, नळीवर खूण छापूनच द्यावी.

नमुना तयार झाला की तो आरेखन न पाहिलेल्या माणसाला द्यावा आणि शेजारी गप्प बसावं. तो कुठे थांबतो, कुठली रिंग उलटी धरतो, कुठे पान मागे उलटतो, ते टिपून घ्यावं. मागची रिंग फिनच्या आधी चिकटवली की आतल्या जोडांना गोंद लावायला वाटच उरत नाही. नवख्या माणसाला हे कळतं रिंग पक्की झाल्यावर. अशा वेळी सूचनेत ठळक अक्षरं घालण्यापेक्षा ती रिंग वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर ‘शेवटी’ असं लिहिणं बरं.

आणि नळीवर एक रेघ छापावी, दाबकेंद्राच्या एक व्यास पुढे. आपल्या उदाहरणात ती १०८ सेंटिमीटरवर येईल. शेवटची सूचना अशी: उडवायची तीच मोटर भरा, पॅराशूट घडी करून आत ठेवा, रॉकेट दोरीला आडवं टांगा. तोल रेघेच्या पुढे साधला तर उडवा. मागे साधला तर नाकात वजन घाला. वरच्या जड मोटरीच्या रॉकेटला नाकात, टोकापासून २० सेंटिमीटरवर, २०० ग्रॅम घातले की तोल पुन्हा १०४ च्या आत येतो. नंतर रेट्याचा हिशोब वाढलेल्या वजनाने पुन्हा करा.