इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेताना आणि लावताना

नवीन कुकर बघताना बहुतेकांची नजर आधी बटणांवर जाते. भातासाठी एक, सूपसाठी एक, मांसासाठी वेगळे, केकसाठी आणखी वेगळे. आम्ही हे कुकर विकतो आणि दुरुस्तही करतो. कोणत्या बटणाला कधी बोटच लागले नाही आणि कोणता भाग झिजून गेला, हे झाकण उघडताच कळते. म्हणून या पत्रकात बटणांबद्दल थोडे आणि वाफेबद्दल बरेच लिहिले आहे.

आत नेमके काय होते

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. उघड्या भांड्यात आच कितीही वाढवली तरी ते त्यापुढे तापत नाही. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि उकळण्याचे तापमानही वर चढते. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये याच तत्त्वावर घट्ट झाकणाचे भांडे बनवले, आणि जादा दाब बाहेर सोडणारी सुरक्षा झडपही त्याचीच.

गॅसवरचा शिट्टीचा कुकर साधारण १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) दाबावर चालतो, म्हणजे आत १२१ अंशांच्या आसपास. बहुतेक घरगुती इलेक्ट्रिक कुकर १० ते १२ पीएसआयवर चालतात, म्हणजे ११५ ते ११८ अंश. फरक थोड्या अंशांचाच असला तरी शिजायला त्यामुळे काही मिनिटे जास्त लागतात. गॅसवरच्या कुकरची वेळ इथे जशीच्या तशी लावली की दाणा कच्चा राहतो आणि दोष कुकरला येतो. उंचावरच्या गावात राहत असाल तर आणखी वेळ धरा: ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला सुमारे ५ टक्के.

या कुकरला शिट्टी नसते. हीटिंग प्लेटच्या मधोमध एक सेन्सर असतो आणि खाली दाब ओळखणारा स्विच. हवा तेवढा दाब झाला की आच बंद होते, उतरला की पुन्हा सुरू होते. वाफ बाहेर जवळजवळ जातच नाही, म्हणून पाणीही कमी लागते. धुतलेल्या पांढऱ्या तांदळाला वाटीस वाटी पाणी पुरते.

‘सहा मिनिटे लावली होती, अर्धा तास झाला तरी उघडत नाही’ ही तक्रार आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. कुकर बिघडलेला नसतो. पडद्यावरची मिनिटे दाब पूर्ण झाल्यावर मोजायला सुरुवात होते. दाब धरायला १० ते १५ मिनिटे जातात, नंतर वाफ जिरायला तेवढीच किंवा जास्त. भांडे जितके भरलेले आणि पाणी जितके थंड, तितका उशीर. घाईच्या दिवशी पाणी गरम करून ओता, फरक लगेच जाणवेल.

केवढा आणि कोणता

दोघांना ३ लिटर, चार ते सहा जणांना ५ किंवा ६ लिटर, त्याहून मोठ्या घराला ८ लिटर. पण खोक्यावरचा आकडा म्हणजे काठोकाठ माप. भांडे दोन तृतीयांशाच्या वर भरायचे नसते, आणि फुगणारे किंवा फेस येणारे पदार्थ असतील तर अर्ध्याच्या वर नाही. म्हणजे ६ लिटरच्या कुकरात कडधान्यासाठी तीनच लिटर जागा. म्हणून उगीच मोठा घेऊ नका. मोठ्या कुकरला किमान पाणी जास्त लागते, तापायला वेळ लागतो आणि ओट्यावरून उचलताना मनगट दुखते.

आतले भांडे आमच्या मते स्टीलचे, जाड बुडाचे घ्यावे. नॉनस्टिकला भात चिकटत नाही हे खरे, पण एकदा चरा पडला की थर निघत जातो. स्टील घासूनपुसून वर्षानुवर्षे चालते. जास्तीचे भांडे मिळत असेल तर ते आधी घ्या, सगळ्या बटणांपेक्षा ते जास्त उपयोगी पडते. पैसे देण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारा: या मॉडेलची रबर रिंग सुटी मिळते का? नाही असे उत्तर आले तर तो कुकर कितीही देखणा असला तरी घेऊ नका, आमच्याकडूनही नाही.

६ लिटरचा कुकर साधारण १००० वॉटचा असतो. २३० व्होल्टवर तो चार अँपिअरहून थोडी जास्त वीज ओढतो, म्हणून भिंतीतल्या सॉकेटलाच लावा. बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर त्याच्या जोडीला केटल किंवा इस्त्री लावली की प्लगचे प्लास्टिक वितळते. असे प्लग आमच्या टेबलावर येतात.

झाकणातली छोटी पिन

झाकण उलटे करा. एका भोकात धातूची पिन खालीवर हलताना दिसेल आणि तिच्या आतल्या टोकाला वाटाण्याएवढी सिलिकॉनची टोपी. दाब आला की ही पिन वर उठून भोक बंद करते आणि झाकण अडकवते. ‘वाफ धरत नाही’ म्हणून आलेला कुकर आम्ही आधी इथेच तपासतो. टोपी काढून बघावे तर भाताच्या पेजेचा पातळ, कडक झालेला पापुद्रा पिनेभोवती बसलेला असतो. कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासला की पिन पुन्हा सुळकन हलते. टोपी बेसिनमध्ये वाहून जाते, म्हणून धुताना खाली वाटी धरा.

रबर रिंगही दर वेळी काढून धुवा आणि परत बसवताना सगळीकडून दाबून पाहा. ती वास धरून ठेवते. मसालेदार आणि गोड पदार्थांना दोन वेगळ्या रिंगा ठेवणे सोयीचे. साधारण १२ ते १८ महिन्यांत, किंवा भेग वा ढिलेपणा दिसताच, रिंग बदला.

भांडे घासायला काढल्यावर रिकाम्या बॉडीवर झाकण उलटे करून ठेवायची सवय लावून घ्या. गडबडीत आतले भांडे ठेवायचे विसरून तांदूळ आणि पाणी थेट बॉडीत ओतले जाते, आणि हे वाटते तितके विरळ नाही. असे झाले तर प्लग काढा, बॉडी पालथी करून पाणी निथळवा. ‘चालू केला की वाळेल’ असे मात्र करू नका. तसाच घेऊन या, वेळेत आला तर बहुधा वाचतो.

तळ लागला तर

पडद्यावर तळ लागल्याचा इशारा आला की घाबरू नका, सेन्सर त्याचे काम करतो आहे. बुडाशी घट्ट थर बसला की तिथली उष्णता वर पोचत नाही. कांदा परतल्यावर अर्धी वाटी पाणी घालून लाकडी उलथन्याने बूड खरवडून घ्या. टोमॅटोचा रस शेवटी, वरून ओता आणि ढवळू नका. दाटपणासाठीचे पीठ कुकर उघडल्यावरच घाला.

वाफ काढणे

११७ अंशांवरच्या रसाचा दाब एकदम सोडला की सगळा रस एकाच वेळी उसळून उकळतो. म्हणूनच कडधान्य किंवा खिरीसारख्या पदार्थाची वाफ घाईने काढली की झडपेतून फेस उडतो. अशा पदार्थांना निदान १५ मिनिटे वाफ जिरू द्या. मांसालाही थांबलेले मानवते. भाजीची वाफ मात्र लगेच काढा, नाहीतर गिचका होतो. झडप लांब दांड्याच्या चमच्याने फिरवा, चेहरा बाजूला ठेवा आणि वर कपाट नसलेल्या जागी कुकर ठेवा. वीज गेली तरी आतला दाब जात नाही. पिन खाली बसल्याशिवाय झाकणाला जोर लावायचा नाही, कोणत्याही घाईत.

इथे कुकर वापरू नका

राजमा ‘स्लो कुक’वर शिजवू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते, आणि मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. निदान ५ तास भिजवा, ते पाणी फेका आणि दाबाखाली पूर्ण शिजवा. मांस, मासे किंवा दूध घालून ‘उशिरा सुरू’चा टायमर लावू नका. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. भाज्या किंवा मांस बरणीत हवाबंद करून साठवण्यासाठीही हा कुकर वापरू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू मारायला लागणारी उष्णता बरणीच्या आतपर्यंत पुरेसा वेळ पोचेल याची खात्री त्यात नसते. आणि झाकण लावून तेलात तळणे कधीच नाही.

दुरुस्तीला आणताना

बॉडी एकटी आणू नका. झाकण, रिंग आणि आतले भांडे सोबत आणा, कारण निम्मे बिघाड झाकणातच सापडतात. पडद्यावर काही अक्षरे किंवा आकडे दिसले असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा, आणि शेवटी काय शिजवत होतात तेही सांगा.