आतडं सगळं घेतं, निवड यकृत करतं

इंदूरची माझी मावशी रोज सकाळी अनशापोटी ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल कोमट पाण्याबरोबर घेते. रिकाम्या पोटी औषध जास्त लागू पडतं, असं तिला कुणीतरी सांगितलंय. ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत हे नेमकं उलट आहे. ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. खाण्यात स्निग्ध पदार्थ आला की पित्त आतड्यात उतरतं, तेलाचे अतिसूक्ष्म कण होतात आणि त्यांच्यात बसूनच हे जीवनसत्त्व आतड्याच्या भिंतीपाशी पोचतं. म्हणून मावशीला म्हटलं, पोहे खाऊन झाले की घे.

खरी गंमत पुढे आहे. ई जीवनसत्त्व म्हणजे एक पदार्थ नव्हे. चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल, असे आठ भाऊबंद आहेत; दोन्ही चौकड्यांची नावं अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. माळव्यात घरोघरी असलेल्या सोयाबीन तेलात गॅमा टोकोफेरॉल भरपूर, अल्फा त्यामानाने कमी. आतडं भेदभाव न करता सगळ्यांना आत घेतं. तरीही रक्तात अल्फाच जास्त सापडतं!

ही निवड यकृतातलं एक प्रथिन करतं. त्याच्या खोबणीत अल्फाचा रेणू चपखल बसतो. अल्फाच्या रेणूतल्या वर्तुळाकार भागावर तीन मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे) असतात, गॅमावर दोनच. एवढ्याशा फरकाने पकड सुटते: अल्फाची पकड १०० धरली, तर बीटाची ३८, गॅमाची ९ आणि डेल्टाची अवघी २. पकडीत आलेलं अल्फा पुन्हा रक्तात रवाना होतं. बाकीच्यांची लांब शेपटी यकृत टप्प्याटप्प्याने कापतं आणि उरलेला तुकडा लघवीवाटे जातो. या प्रथिनाचं जनुक जन्मतः बिघडलेलं असेल तर आतड्यातलं शोषण ठीक असूनही रक्तात ई टिकत नाही, आणि हळूहळू चालताना तोल जाऊ लागतो.

‘नैसर्गिक’ हा शब्द जाहिरातीत बहुतेकदा पोकळ असतो, इथे मात्र त्याला अर्थ आहे. कारखान्यात बनवलेल्या अल्फात रेणूच्या आठ त्रिमितीय ठेवणी मिसळलेल्या असतात आणि शरीर त्यांतल्या चारच नीट राखून ठेवतं. कॅप्सूल टाचणीने फोडून तो चिकट पिवळा द्रव चेहऱ्याला फासण्याचं खूळ मात्र सोडा. काहींच्या त्वचेला त्याने चक्क पुरळ येतं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठा डोस घेऊच नका. रक्त गोठवणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामात तो आडवा येतो.