बाटलीवरचे ९८ टक्के वजनाचे असतात

'९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल म्हणजे १०० मिलीत ९८ ग्रॅम, तेव्हा १ मोलरसाठी (म्हणजे लिटरभर द्रावणात रेणुभाराइतके, इथे ९८ ग्रॅम आम्ल) १०० मिली घ्या नि लिटरभर करा.' हा हिशेब वर्षानुवर्षं वह्यांमधून उतरवला जातोय. साफ चूक! ही टक्केवारी वजनाची: १०० ग्रॅम द्रावणात ९८ ग्रॅम आम्ल. घनता १.८४ ग्रॅम प्रति मिली, म्हणजे लिटरचं वजन १८४० ग्रॅम, त्यात आम्ल सुमारे १८०३ ग्रॅम. रेणुभार ९८ ने भागलं की १८.४ मोलर. म्हणजे साधारण ५४ मिलीच पुरतात. १०० घेतले तर द्रावण जवळजवळ दुप्पट तीव्र. (३७ टक्के हायड्रोक्लोरिकची घनता जेमतेम १.१९, तिथे हीच चूक सुमारे १९ टक्क्यांची, म्हणून पटकन लक्षात येत नाही.) आणि हो, आधी भरपूर पाणी, मग त्यात ढवळत बारीक धारेने आम्ल, पूर्ण गार झाल्यावरच फ्लास्कवरच्या लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं.