पिशवीची सूज : निदान आधी, इलाज मग

कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, मधूनच लाल दिसतं. सांगली-मिरजेकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘पिशवीला सूज आहे’ हे निदान पुष्कळदा नुसत्या सोनोग्राफीवर ऐकायला मिळतं. पण गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जुनाट सूज सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाही. कित्येकींना तर काहीच त्रास नसतो. दिवस राहत नाहीत किंवा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, तेव्हा कुठे तपासणी होते आणि ती सापडते.

ही गफलत जुनी आहे. 1840 च्या दशकात पॅरिसच्या रेकामिए यांनी अस्तर खरवडण्याचं अवजार वापरात आणलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘अस्तराची सूज’ म्हणून सर्रास पिशव्या खरवडल्या जाऊ लागल्या. 1907-08 मध्ये व्हिएन्नाच्या हिचमन आणि आडलर यांनी दाखवून दिलं, की अस्तर पाळीच्या चक्राबरोबर दर महिन्याला बदलतं; पाळीआधी ते जाड आणि ग्रंथींनी भरलेलं असणं हा आजार नव्हे. म्हणजे कितीतरी निरोगी बायकांवर सुजेचा शिक्का बसला होता. जुनाट सूज म्हणायची तर तपासणीसाठी काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात प्लाझ्मा पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) दिसल्या पाहिजेत, हा त्यांचा निकष आजही पाया आहे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पाऊल हेच.

तरी अडचण उरलीच. नेहमीच्या रंगात या पेशी आजूबाजूच्या पेशींत सहज हरवतात. या शतकात त्या पेशी वेगळ्या दाखवणारा सीडी-138 हा रंग आला आणि त्या तपकिरी उठून दिसू लागल्या. किती पेशी दिसल्या म्हणजे आजार मानायचा, यावर मात्र अजून एकमत नाही. दुर्बिणीने पिशवीत डोकावण्याची सुरुवात 1869 मध्ये पँटालिओनी यांनी केली. इटलीच्या चिचिनेल्ली यांनी 2005 मध्ये अस्तरावरच्या, मिलिमीटरभरही नसलेल्या सूक्ष्म कोंबांकडे लक्ष वेधलं. लाली आणि हे कोंब दिसले तर संशय बळावतो, पण पुरावा तुकड्याचाच.

उपचार त्या मानाने साधा आहे. बहुधा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 14 दिवस. मग पुन्हा तुकडा तपासायचा. सूज उरली असेल तर दुसरी प्रतिजैविकं. ही दुसरी तपासणी टाळू नये.

आपल्या भागात आणखी एक शंका घ्यावीच लागते, ती क्षयाची. मिरजेत 1894 मध्ये डॉ. वानलेस यांनी रुग्णालय सुरू केलं आणि वानलेसवाडीचं क्षयरोग आरोग्यधामही त्याच परंपरेतलं. क्षय फुप्फुसांतून रक्तावाटे गर्भनलिकांत आणि तिथून अस्तरात उतरतो. इथे चौदा दिवसांच्या गोळ्या निरुपयोगी. किमान सहा महिन्यांचं औषध लागतं आणि ते सरकारी केंद्रात मोफत मिळतं. मात्र सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) टाकला, की क्षयाचे जंतू वाढवून बघता येत नाहीत. थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा पाठवायला हवा, हे आधीच विचारून घ्यावं.

दिवाळीनंतर वाळवा, पलूसच्या फडांवर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. बीडच्या या मजूर बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं 2019 मध्ये राज्यभर गाजलं. पांढरं जाणं आणि पोटदुखी एवढ्याच तक्रारींवर ऐन तिशीतल्या बायकांची पिशवी गेली. अस्तराच्या जुनाट सुजेसाठी पिशवी काढावी लागत नाही. असा सल्ला मिळालाच, तर सहीआधी तुकड्याचा अहवाल मागून घ्यावा.