परसातली कर्दळ आणि वाफ्यातली कर्दळ

सांगली-सातारा भागातील जुन्या घरांमागे न्हाणीचे पाणी जिथे सोडलेले असते, तिथे केळ आणि अळू यांच्या जोडीला लहान लाल फुलांची कर्दळ बहुधा आढळते. सार्वजनिक उद्यानातील किंवा रेल्वे स्थानकाच्या फलाटालगतच्या वाफ्यातील कर्दळ मात्र दिसायला निराळी असते. तिचे फूल तळहाताएवढे पसरट असते, रंग गुलाबी, केशरी, पिवळ्यावर तांबडे ठिपके असे नाना तऱ्हांचे असतात आणि पान कधी हिरवे तर कधी तपकिरी-जांभळे असते. चांगले खत-पाणी मिळाले की परसातली कर्दळच अशी होते, असा समज अनेक घरांत आहे. पण तो खरा नाही. पहिली कर्दळ निसर्गात जशी होती तशीच आपल्याकडे आली आणि दुसरी एकोणिसाव्या शतकात युरोपातील बागांमध्ये संकराने घडवली गेली. दोघींचा इतिहास वेगळा असल्यामुळे त्यांच्या लागवडीचे नियमही काही ठिकाणी वेगळे होतात.

कर्दळीच्या, म्हणजेच कॅना या प्रजातीच्या, साऱ्या जाती मूळच्या अमेरिका खंडातील उष्ण व उपोष्ण प्रदेशांतल्या आहेत. कॅनेसी या कुळात ही एकच प्रजाती आहे आणि आले, हळद, केळ ही तिची दूरची भावंडे एकाच वनस्पतिगणात मोडतात, त्यामुळे हळदीचे बेणे हाताळलेल्या सांगलीच्या शेतकऱ्याला कर्दळीचा गड्डा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या परिसरात ही वनस्पती फुलासाठी नव्हे तर गड्ड्यातील पिष्टासाठी हजारो वर्षांपासून लावली जात होती, आणि व्हिएतनाममध्ये आजही त्या पिष्टाच्या शेवया केल्या जातात. तिचे बी गोल, काळे आणि इतके टणक असते की त्याच्या माळा व खुळखुळे बनवले जात. अर्जेंटिनात सापडलेल्या अशाच एका खुळखुळ्यातील सुमारे 600 वर्षांपूर्वीचे बी रुजल्याची नोंद 1971 साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती.

ती भारतात नेमकी केव्हा उतरली याचा दाखला नसला, तरी मिरची, अननस, काजू यांच्याप्रमाणे पोर्तुगीज जहाजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर आली असावी, असे मानणे सयुक्तिक आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने केरळातील वनस्पतींवर सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाच्या 1692 सालच्या खंडात ‘काटु-बाला’ या मल्याळी नावाने तिचे चित्र आहे. म्हणजे तोवर ती स्थानिक नाव मिळण्याइतकी रुळलेली होती. पुढे 1753 मध्ये लिनियसने तिला ‘कॅना इंडिका’ हे शास्त्रीय नाव दिले, आणि ती मूळची भारतातलीच आहे हा गैरसमज त्या नावाने आणखी पक्का केला. 1857 च्या धामधुमीत गोळ्या संपल्यावर बंदुकीत कर्दळीचे बी भरले गेले आणि त्यावरून तिला इंग्रजीत ‘इंडियन शॉट’ म्हणू लागले, अशी कथाही सांगितली जाते. कथा रंजक आहे, परंतु ते इंग्रजी नाव अठराव्या शतकातील बागकामाच्या लेखनातच आढळते, त्यामुळे तिच्यावर विसंबण्याचे कारण नाही.

शोभेच्या कर्दळीची खरी हकिगत फ्रान्समध्ये सुरू होते. दक्षिण अमेरिकेत फ्रान्सचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून काम केलेले तेओडोर आने हे गृहस्थ परतताना कर्दळीच्या जाती बरोबर घेऊन आले आणि पॅरिसजवळ पासी येथे त्यांनी 1848 च्या सुमारास पहिला नोंदलेला संकर तयार केला. त्यांना हवी होती ती पाने : उंच, रुंद, उष्ण प्रदेशाचा भास निर्माण करणारी. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसची नवी उद्याने आखली जात होती, तिथे या पानांना मोठी मागणी आली आणि पाठोपाठ लंडनच्या बॅटरसी पार्कमध्येही अशा लागवडीची टूम निघाली. फुलाकडे लक्ष वळवले ते लिआँ शहरातील पिएर क्रोझी यांनी. 1860 च्या दशकापासून शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी शेकडो वाण काढले. झाड बुटके, फूल मोठे आणि दांड्यावर दाटीने, ही आज आपल्याला कर्दळीची ओळख वाटणारी ठेवण प्रामुख्याने त्यांची आहे. तांबड्या फुलाला पिवळी किनार असलेला त्यांचा ‘मादाम क्रोझी’ हा वाण फार गाजला. नंतर नेपल्स येथे कार्ल श्प्रेंगर यांनी क्रोझींच्या वाणांशी ‘कॅना फ्लॅसिडा’ या अमेरिकेतील पाणथळ जागेच्या पिवळ्या जातीचा संकर केला आणि 1890 नंतर ‘इटालिया’सारखे अतिशय मोठ्या, झालरदार फुलांचे वाण बाजारात आणले. फ्लॅसिडाची फुले उन्हात लवकर मलूल होतात आणि तो गुण संततीतही उतरला. चैत्र-वैशाखात दुपारी अकरा वाजताच मान टाकणारी मोठी पिवळी कर्दळ सांगलीत ज्यांच्याकडे असेल, त्यांनी दोष पाण्याला देण्याआधी वाणाचे कूळ पाहावे. क्रोझी पद्धतीची तांबडी फुले त्याच उन्हात अधिक तग धरतात.

हे युरोपीय वाण भारतात आले आणि इथे त्यांच्यावर पुन्हा काम झाले. विल्यम कॅरी यांनी 1820 मध्ये कोलकात्यात स्थापलेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या अलिपूर येथील बागेत पर्सी-लँकेस्टर घराण्यातील दोन पिढ्यांनी कर्दळीचे नवे संकर केले. पश्चिम भारतातही अशीच एक संस्था होती. पुण्याची एम्प्रेस गार्डन तिच्याकडे आहे. गावोगावी मात्र ही फुलझाडे रोपवाटिकांपेक्षा हातोहात अधिक पसरली असावीत. कर्दळीचे फूल तोडले की दिवसभरात कोमेजते, त्यामुळे ते फुलबाजारात येत नाही, व्यापारी तिच्या वाटेला जात नाहीत आणि गड्ड्याची देवाणघेवाण शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांत होत राहते. या प्रवासात वाणांची नावे पार गळून पडली. आज बहुतेकांकडे ‘लाल’, ‘पिवळी’ किंवा ‘ठिपक्याची’ एवढेच सांगितले जाते.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात त्रिलोकीनाथ खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या आसपास शोभेच्या कर्दळीच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. साध्या जातींत गुणसूत्रांची संख्या 18 असते, तर बागेतील अनेक वाण 27 गुणसूत्रांचे, म्हणजे त्रिगुणित (नऊ गुणसूत्रांच्या दोन संचांऐवजी तीन संच असलेले) आहेत आणि म्हणूनच त्यांना बी धरत नाही. ज्या संकरित वाणांना बी धरते, त्यांच्या बियांपासूनही मूळ फूल तसेच्या तसे मिळत नाही. परसातल्या कर्दळीचे काळे बी कानशीने किंचित घासून, रात्रभर पाण्यात ठेवून पेरले तर रोप येते. वाफ्यातल्या कर्दळीसाठी मात्र गड्डाच हवा.

लागवडीबाबतचा बराचसा छापील सल्ला थंड देशांच्या पुस्तकांतून उचललेला असतो. हिवाळ्यापूर्वी गड्डे खणून कोरड्या जागी साठवावेत, ही सूचना जमीन गोठते तिथे योग्य आहे. कृष्णाकाठी तिचा काही उपयोग नाही. हरिपूरला हळद पेवात साठवत असत, कर्दळीला ती गरज नाही, ती इथे जमिनीतच राहते आणि पाणी असेल तर जवळजवळ वर्षभर फुलते. अडचण वेगळीच होते : विश्रांती न मिळाल्याने बेट दाटते आणि फुले लहान होत जातात. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्याच्या अखेरीस बेट उकरून, दोन-तीन डोळे असलेले निरोगी तुकडे शेणखत घातलेल्या वाफ्यात आठ-दहा सेंटिमीटर खोल आणि उंच वाणांसाठी दीड-दोन फूट अंतरावर लावावेत. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो बुडापासून कापला की नव्या कोंबांना जागा होते. मिरज-पलूसकडील निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत गुलाब रुसतो, तिथे कर्दळ चांगली येते, कारण पाणथळ जागा तिला मानवते. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या कोरड्या भागात मात्र तिला सांडपाण्याच्या वाटेवरच ठेवणे शहाणपणाचे, आणि तिथे उंच संकरित वाणाऐवजी परसातली जुनी कर्दळ अधिक भरवशाची ठरते.

पिढ्यानुपिढ्या गड्ड्यानेच वाढ केल्याचा एक तोटाही आहे. विषाणू शिरलेला गड्डा ज्याला ज्याला दिला जातो, त्याच्या बागेत रोगही जातो, आणि गेल्या काही दशकांत कर्दळीचे विषाणू जगभरच्या संग्रहांत पसरले आहेत. पानांवर शिरांच्या कडेने पिवळे पट्टे किंवा ठिपके उमटतात, पाने आकसतात, फुलांत रंगाचे फटकारे दिसतात. काही वेळा हेच फटकारे नवा वाण समजून हौसेने मागून नेले जातात. असे बेट औषध फवारून सुधारत नाही. ते गड्ड्यांसह काढून जाळावे, खणताना वापरलेले खुरपे व विळा धुऊन घ्यावा, आणि नवे बेणे मागताना झाड फुलावर असताना स्वतः जाऊन पाने पाहून घ्यावीत.