घोड्याच्या रक्तातलं गिरमिट

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. यायचा, उतरायचा, पुन्हा भरायचा. रक्त काचपट्टीवर तपासलं, तर तांबड्या पेशींच्या अवतीभवती लांबट, नागमोडी जीव दिसले. ते ओळखीचे होते, पण जनावरांच्या डॉक्टरांच्या. हा सर्रा रोगाचा जंतू, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी.

ट्रिपॅनोसोमा हे नाव १८४३ मधलं. ग्रूबी नावाच्या डॉक्टरांना बेडकाच्या रक्तात असा जीव दिसला. तो पीळ घेत पुढे सरकायचा, म्हणून त्यांनी ग्रीकमधून नाव काढलं. अर्थ सुताराच्या गिरमिटासारखं अंग. एकच पेशी, पण चाल बघण्यासारखी. तिची कशाभिका, म्हणजे चाबकासारखा धागा, मागच्या टोकापाशी निघते, अंगाला झालरीसारखी चिकटून जाते आणि पुढे मोकळी सुटते. शेपूट म्हणावं तर हे शेपूट पुढे असतं आणि धन्याला ओढत नेतं.

१८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स हे पशुवैद्य पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे सर्ऱ्याने मरणाऱ्या घोड्यांचा आणि उंटांचा तपास करत होते. आजारी जनावरांच्या रक्तात त्यांना हा जीव सापडला. ते रक्त निरोगी जनावराला टोचलं, तर तेही आजारी पडलं. तरी वरिष्ठांना पटेना. टिमथी लुइस यांना कलकत्त्यात धडधाकट उंदरांच्या रक्तात असेच जीव दिसले होते. मग घोडा यांनी कसा मरेल? जे. एच. स्टील यांनी १८८५ मध्ये जंतूला इव्हान्स यांचं नाव दिलं, पण गट चुकला: त्यांना तो स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्रासारखा जिवाणू, वाटला. हेच स्टील पुढच्या वर्षी परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य.

‘सर्रा’चं मूळ एका इंग्रजी कोशात मराठी ‘सूर’, म्हणजे धापेचा आवाज, असं दिलंय. ऐकायला गोड, पण रोग गाजला पंजाबात, त्यामुळे मला ते ओढूनताणून वाटतं.

या जंतूचे आफ्रिकी भाऊबंद त्सेत्से माशीच्या पोटात वाढतात. सर्ऱ्याच्या जंतूने त्यासाठी लागणारा डीएनए गमावलाय आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. बैलाने शेपटी मारली की गोमाशी अर्धवट जेवणावरून उठते, शेजारच्या जनावराला चावते. सोंडेवरचं ओलं रक्त तेवढ्यात काम करतं. त्सेत्से नाही तिथेही तो उंट-घोड्यांबरोबर पोचला.

माणसाला मात्र तो बाधत नाही, असंच धरून चाललं होतं. आपल्या रक्तातलं एपीओएल१ हे प्रथिन त्याच्या आत शिरून पडद्यांना भोकं पाडतं. चंद्रपूरचा रुग्ण सुरामिन या औषधाने बरा झाला. त्याच्या रक्तात हे प्रथिनच नव्हतं, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. २००६ मध्ये संशोधकांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच्या रक्तद्रवात त्यांनी बाहेरून एपीओएल१ घातलं आणि त्यात जंतू मरू लागले.