सुक्या धिंगरीचा दाट पास्ता सॉस : पाकीट उघडण्यापूर्वी वाचा

नमस्कार. सुकी धिंगरी (म्हणजे ऑयस्टर मशरूम) नेणारे ग्राहक आमच्याकडे बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात. सॉस पाणचट झाला, म्हणून क्रीम घातलं, मग चीज घातलं आणि शेवटी नुसती चीजचीच चव लागली. ते टळावं म्हणून हे पत्रक पाकिटात घालतो आहोत.

इटलीतल्या बोलोन्या शहराचा ‘रागू’ म्हणजे खिम्याचा सॉस. त्याची कृती तिथल्या पाककला अकादमीने १९८२ साली शहराच्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवून ठेवली. आपल्याला त्यातला खिमा नको. बारीक चिरलेले कांदा-गाजर-सेलरी मंद आचेवर परतणं, थोडं दूध घालणं आणि सॉस निवांत रटरटू देणं, एवढं मात्र तिथून जरूर घ्यावं.

चार जणांसाठी : सुकी धिंगरी २० ग्रॅम, ताजी बटण मशरूम ४०० ग्रॅम, अख्खा मसूर अर्धी वाटी, पिकलेले लालबुंद टोमॅटो १ किलो, दोन कांदे, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, लसूण ५-६ पाकळ्या, तेल ४ चमचे, दूध अर्धी वाटी, एक तमालपत्र, मीठ, मिरपूड.

धिंगरी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. मग पिळून बारीक चिरा. भिजवलेलं पाणी फेकू नका. ते पातळ फडक्यातून गाळा आणि तळाशी बसलेली कचकच भांड्यातच राहू द्या. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. या द्रव्याची चव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ओळखली आणि तिला ‘उमामी’ म्हटलं. सुक्या मशरूममधलं ग्वानिलेट हे चव वाढवणारं द्रव्य त्याच्या जोडीला आलं की ही चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते. खरं सांगायचं तर या बाबतीत जपानी शिताके मशरूम आमच्या धिंगरीपेक्षा सरस आहे, पण ती महाग पडते.

आता पाणचटपणाचं कारण. मशरूममध्ये सुमारे नव्वद टक्के पाणी असतं. सगळी एकदम कढईत लोटली की ती स्वतःच्याच पाण्यात उकडतात आणि पांढुरकी राहतात. म्हणून ती जाडसर खिम्यासारखी चिरा, पसरट कढई चांगली तापवा आणि दोन-तीन खेपांत परता. मीठ आधी घालू नका. पाणी सुटेल, आटेल, मग चर्र असा आवाज येऊ लागेल. इथे बहुतेकजण गॅस बंद करतात. आणखी पाच-सात मिनिटं थांबा, कडा तपकिरी होऊ द्या. आच जास्त लागली म्हणून मशरूमचा लगदा होत नाही, कारण त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिन या उष्णतेने न विरघळणाऱ्या चिवट द्रव्याच्या असतात. खिम्यासारखा चावा मिळतो तो त्यामुळेच.

ही मशरूम काढून त्याच कढईत तेलावर कांदा, गाजर, सेलरी मंद आचेवर वीसेक मिनिटं परता. गाजराच्या गोडीने टोमॅटोचा आंबटपणा निवतो, साखर लागत नाही. सेलरी मिळाली नाही तर सोडून द्या. लसूण घाला, मग सोललेले, चिरलेले टोमॅटो. आपण रश्शाला बघतो तसं तेल सुटेपर्यंत आटवा. त्यात मशरूम, धिंगरी, वेगळा शिजवलेला पण न मोडलेला मसूर, गाळलेलं पाणी, तमालपत्र आणि मीठ घालून झाकण अर्धवट ठेवा आणि पाऊण तास मंद आचेवर रटरटू द्या. शेवटच्या दहा मिनिटांत दूध थोडं थोडं घाला, वरून मिरपूड. गरम मसाला घालायचा मोह होईल, तो आवरा.

पास्ता ड्युरम गव्हाचा घ्या. आपला शेवयांचा बन्सी गहू त्यातलाच. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी पास्ता उपसा आणि सॉसमध्येच वाटीभर पास्त्याच्या पाण्याबरोबर ढवळा. त्या पाण्यातल्या पिठाने सॉस पास्त्याला धरून राहतो.

शाकाहारी ग्राहकांसाठी : अस्सल ‘पार्मिजानो रेजानो’ चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनतं. त्यामुळे किसून घालायचं चीज हिरवा ठिपका पाहूनच घ्या. मशरूम चालत नसतील तर मसूर दुप्पट घ्या आणि मूठभर अक्रोड भाजून, भरड कुटून घाला. सॉस वेगळा होतो, पण वाईट नाही. कांदा, लसूण, गाजर आणि मशरूम वर्ज्य असणाऱ्या जैन ग्राहकांना मात्र आम्ही ही कृती सुचवत नाही. तिच्यातलं निम्मं वगळल्यावर फारसं काही उरत नाही.

साठवण : पाकीट उघडल्यावर धिंगरी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, पावसाळ्यात फ्रिजमध्ये. मऊ पडली तर मंद आचेवर कोरडीच परतून घ्या. बुरशी दिसली तर टाकून द्या, धुऊन वापरू नका. तयार सॉस फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. उरलाच तर पावाबरोबर खा.